इनडायरेक्ट स्पीच : 'सेड' दिसलं की प्रत्येक काळ मागे ढकलायचाच का?

पाटीपेन्सिल

मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांना डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवते आहे. गाइडमधला तक्ता त्यांना पाठ आहे: इज-चं वॉज, हॅव-चं हॅड, विल-चं वुड. तक्त्यातलं वाक्य आलं की गाडी सुसाट, जरा बाहेरचं आलं की ठप्प. अडलेली वाक्यं देते:

१. ही सेड, 'आय वेन्ट टू नाशिक यस्टर्डे.' इथे 'वेन्ट' चालेल की 'हॅड गॉन'च हवं?
२. शी सेड, 'आय हॅड अ फीवर.' याचं खरंच 'हॅड हॅड' होतं? मुलं हसतात.
३. सर म्हणाले, 'द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन.' गाइड म्हणतं काळ बदलू नका. एवढंच, कारण काही नाही.
४. 'यू मस्ट वेअर अ हेल्मेट' आणि 'यू मस्ट बी टायर्ड'. दोन्हींत 'मस्ट'चं 'हॅड टू' करायचं?
५. 'इफ इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम.' यात नेमकं काय काय बदलतं?

शिवाय निम्मा वर्ग 'ही सेड दॅट आय ॲम इल' असं लिहितो. दुसऱ्याच्या आजाराचं दुखणं स्वतःवर घेतात! तक्ता पाठ असून हे का होतं आणि कसं सोडवायचं?

उलटतपासणी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांची मुळं तिथे आहेत.

मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं उचलतो आणि आधी 'की' लावतो. 'तो म्हणाला की मी आजारी आहे.' 'मी' तसाच, 'आहे' तसंच. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, मराठी कानाला हा 'मी' कोणाचा ते बरोबर कळतं. मूल हेच शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेतं आणि 'ही सेड दॅट आय ॲम इल' तयार होतं. म्हणजे तक्ता विसरल्यामुळे ही चूक होत नाही, मराठी वाक्य पक्कं असल्यामुळे होते.

काळाचंही तसंच. मराठीत 'की'नंतरचा काळ मूळ बोलणाऱ्याच्या क्षणापासून मोजला जातो. तो बोलला तेव्हा आजारी होता, म्हणून 'आहे'. इंग्रजीत तो सांगणाऱ्याच्या क्षणापासून मोजतात. मी आज सांगतोय, त्याचं बोलणं काल झालं, त्याचा आजारही कालचा, म्हणून 'वॉज'. हिंदी, रशियन, जपानी या भाषा याबाबतीत मराठीच्या बाजूला आहेत. तेव्हा मुलांना यात काही कमी कळतं असं नाही.

फळ्यावर ही जोडी लिहून दाखवा:

तो म्हणाला की तो आजारी आहे. — ही सेड दॅट ही वॉज इल.
तो म्हणाला की तो आजारी होता. — ही सेड दॅट ही हॅड बीन इल.

मराठी 'आहे'समोर इंग्रजी 'वॉज', मराठी 'होता'समोर 'हॅड बीन'. एक पायरी मागे. 'ही वॉज इल'चं मराठी मनात 'तो आजारी होता' असंच होतं, त्यामुळे मुलांना वाटतं की आपण अर्थ बदलला, आणि ती परत 'इज'कडे वळतात. ही अडचण तोंडाने बोलून दाखवल्याशिवाय सुटत नाही.

सरावासाठी एक सोपा पूल आहे: वर्तमानपत्री मराठी. 'आपण आजारी असल्याचे त्याने सांगितले', 'उद्या येणार असल्याचे तिने कळवले'. या रचनेत 'मी' गळून पडतो आणि मुलाला वाक्याकडे बाहेरून बघावं लागतं. आधी मराठीत असं करून घ्या, मग इंग्रजीत. सर्वनामांच्या चुका इथेच बऱ्याच कमी होतात.

लालशाई

वरचं बरोबर आहे, पण परीक्षेच्या तीन तासांत भाषाशास्त्र आठवत नाही. तिथे क्रम लागतो. मी सांगेन तो असा.

आधी अवतरणचिन्हांच्या बाहेरचं क्रियापद बघायचं. 'सेज', 'हॅज सेड', 'विल से' असेल तर आतला काळ हलत नाही. सर्वनामं मात्र तरीही बदलतात, हे मुलं विसरतात: ही सेज, 'आय ॲम बिझी' याचं ही सेज दॅट ही इज बिझी. बाहेर 'सेड' किंवा 'टोल्ड' असेल तरच पुढे जायचं.

मग वाक्याचा प्रकार: साधं विधान, प्रश्न की आज्ञा. जोडणारा शब्द त्यावर ठरतो. मग सर्वनामं. काळ त्याच्या नंतर. काळवेळेचे शब्द सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की मुलं 'टुमॉरो' बदलण्याच्या नादात क्रियापद तसंच सोडतात.

काळासाठी बारा ओळींचा तक्ता लागतच नाही. क्रियापदाच्या गटातला फक्त पहिला शब्द मागे जातो. 'इज गोइंग'मध्ये 'इज', 'हॅज बीन वर्किंग'मध्ये 'हॅज', 'विल हॅव फिनिश्ड'मध्ये 'विल'. वॉज गोइंग, हॅड बीन वर्किंग, वुड हॅव फिनिश्ड. मागचे शब्द जिथल्या तिथे. पहिला शब्दच मुळात भूतकाळी असेल तर मागे जायला एकच घर उरतं, 'हॅड'चं: वेन्ट-चं हॅड गॉन, वॉज गोइंग-चं हॅड बीन गोइंग, डिड नॉट गो-चं हॅड नॉट गॉन. शेवटच्यात 'हॅड नॉट वेन्ट' लिहिणारे दरवर्षी सापडतात. 'हॅड'नंतर तिसरं रूप, हे तिथे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आधीच 'हॅड गॉन' असेल तर त्याच्या मागे घर नाही, ते तसंच राहतं.

यावरून तुमचा प्रश्न २. 'आय हॅड अ फीवर'मधलं 'हॅड' मुख्य क्रियापद आहे, साध्या भूतकाळातलं. म्हणून शी सेड दॅट शी हॅड हॅड अ फीवर. पहिलं 'हॅड' सहायक, दुसरं 'हॅव'चं तिसरं रूप. हसू द्या, पण लिहायला लावा. उलट 'आय हॅड फिनिश्ड'मधलं 'हॅड' आधीच सहायक आहे, तिथे दुसरं 'हॅड' घातलं तर चूक.

प्रश्न १ ला परीक्षेत निःसंशय 'हॅड गॉन': ही सेड दॅट ही हॅड गॉन टू नाशिक द प्रीव्हियस डे.

प्रश्न ५. वाक्यात काळ दाखवणारी दोन क्रियापदं आहेत, दोन्ही मागे जातात: ही सेड दॅट इफ इट रेन्ड, दे वुड स्टे ॲट होम. नेहमीची चूक म्हणजे 'विल'चं 'वुड' होतं आणि 'रेन्स' बिचारं तसंच उभं राहतं. जितकी क्रियापदं तितक्या वेळा नियम. 'टू गो', 'गोइंग टू स्कूल'मधलं 'गोइंग' अशी काळ न दाखवणारी रूपं मात्र कधीच हलत नाहीत.

आणखी एक सापळा: पुट, कट, हिट, रीड. वर्तमान आणि भूत दोन्हीकडे स्पेलिंग एकच. शी सेड, 'माय ब्रदर पुट द कीज इन द ड्रॉवर.' भाऊ एक, क्रियापदाला 'एस' नाही, म्हणजे हा भूतकाळ. उत्तर 'हॅड पुट'. 'एस' शोधायची सवय लावा. 'आय' असेल तर 'एस'चा आधार मिळत नाही, मग 'एव्हरी डे' की 'यस्टर्डे' ते बघायचं. 'रीड' आणि 'रेड' देवनागरीत लिहिले तर क्षणात कळतात, हा आपला फायदा इंग्रजी पेपरात मिळत नाही.

मुद्रितशोधक

लालशाई यांचं 'निःसंशय हॅड गॉन' परीक्षेपुरतं मान्य. परीक्षेबाहेर ते तितकं निःसंशय नाही. वेळ वाक्यातूनच स्पष्ट असेल तर बोलताना आणि बातमीत इंग्रजी लोक साधा भूतकाळ बिनदिक्कत ठेवतात: ही सेड ही वेन्ट टू नाशिक ऑन मंडे. 'हॅड' लागतं ते दोन अर्थांत घोटाळा होण्याची शक्यता असेल तेव्हा. 'शी सेड शी वर्क्ड इन अ बँक' यावरून ती आजही बँकेत असल्यासारखं वाटतं. नोकरी सोडलेली असेल तर 'हॅड वर्क्ड' हवंच.

काही ठिकाणी तर परीक्षेतही 'हॅड' घालू नये. एक, वर्षासकट सांगितलेली इतिहासातली घटना: द टीचर सेड दॅट इंडिया बिकेम इंडिपेंडंट इन १९४७. दोन, 'व्हेन'ने सुरू होणारा वेळेचा उपवाक्य: 'आय मेट हर व्हेन आय वॉज इन सातारा' याचं ही सेड दॅट ही हॅड मेट हर व्हेन ही वॉज इन सातारा. दोन्हीकडे 'हॅड' कोंबलं की वाक्याला ठसका लागतो. तीन, 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस' असली कल्पनेतली अट. 'हॅड' दिसायला भूतकाळ, पण ते गेलेल्या वेळेबद्दल बोलतच नाही. ते तसंच राहतं. 'इफ आय वेअर यू, आय वुड सी अ डॉक्टर' याला तर काळ वगैरे न बघता सरळ 'ही ॲडव्हाइज्ड मी टू सी अ डॉक्टर' करावं.

हे मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण आपल्याकडे 'हॅड'चा सोस आधीच जास्त आहे. 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे मराठीत अगदी सहज वाक्य, त्यामुळे 'आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे' असं इनडायरेक्टचा संबंध नसतानाही लिहिलं जातं. तक्ता या सवयीला खतपाणी घालतो.

आता प्रश्न ३, ज्यावर गाइड गप्प आहे. 'सेड'नंतर वर्तमानकाळ ठेवणं म्हणजे सांगणाऱ्याने स्वतःची सही करणं: हे आजही खरं आहे, आणि मलाही मान्य आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते यावर सही करायला कोणाची हरकत नाही, म्हणून 'मूव्ह्ज'. आता हे बघा. टॉलेमी दुसऱ्या शतकात सांगून गेला की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. त्याच्या दृष्टीने ते त्रिकालाबाधित सत्यच होतं. पण लिहायचं मात्र: टॉलेमी सेड दॅट द सन वेन्ट राउंड द अर्थ. इथे 'गोज' लिहिलं तर लिहिणाराही टॉलेमीच्या पंगतीला जाऊन बसतो. मुलांना ही दोन वाक्यं शेजारीशेजारी द्या.

आणि गाइडला न आवडणारी गोष्ट: 'द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ड राउंड द सन' हेही चुकीचं इंग्रजी नाही. फक्त पेपरात लिहू नका.

याच तत्त्वावर रोजची वाक्यं सुटतात. 'शी सेड शी लिव्ह्ज इन ठाणे' आणि 'लिव्ह्ड इन ठाणे', दोन्ही चालतात. अजून तिथेच राहते याची खात्री असेल तर पहिलं. 'ही सेड ही विल कम टुमॉरो' हे 'उद्या' उजाडायच्या आधी सांगत असाल तर बिनचूक आहे. बोलून आठवडा झाला असेल तर 'वुड कम द नेक्स्ट डे'. 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे', 'हिअर'चं 'देअर', 'अगो'चं 'बिफोर' हे डोळे मिटून करायचे बदल नव्हेत, सांगणारा कुठे आणि कधी उभा आहे त्यावर ते अवलंबून आहेत. परीक्षक मात्र तो नेहमी दूर आणि नंतर उभा आहे असंच धरून चालतो.

पाटीपेन्सिल

टॉलेमीचं वाक्य उद्याच फळ्यावर. 'मस्ट'चं राहिलं. आणि उलटा प्रश्न येतो तेव्हा काय करायचं? शी सेड दॅट शी हॅड लॉस्ट हर की, याचं डायरेक्ट करा. मुलं तीन उत्तरं आणतात आणि तिन्ही बरोबर वाटतात.

लालशाई

वाटतात कारण असूही शकतात. लॉस्ट, हॅव लॉस्ट, हॅड लॉस्ट, तिन्ही मागे जाऊन 'हॅड लॉस्ट'च्या एकाच घरात येतात. परत जाताना खूण शोधायची. 'द प्रीव्हियस डे' किंवा 'टू डेज बिफोर' असेल तर मूळ वाक्य साध्या भूतकाळातलं, कारण 'यस्टर्डे'बरोबर 'हॅव लॉस्ट' बसतच नाही. 'जस्ट', 'ऑलरेडी', 'यट' असेल तर 'हॅव'. दुसऱ्या एखाद्या भूतकाळी घटनेच्या आधीचं म्हणून सांगितलं असेल तर 'हॅड'. काहीच खूण नसेल तर 'आय हॅव लॉस्ट माय की' लिहावं, किल्ली हरवलेली माणसं तेच म्हणतात.

'मस्ट'बद्दल: बंधन असेल तर 'हॅड टू'. ही टोल्ड मी दॅट आय हॅड टू वेअर अ हेल्मेट. बंधन पुढच्या काळातलं असेल, म्हणजे 'यू मस्ट पे टुमॉरो', तर 'वुड हॅव टू पे द नेक्स्ट डे'. अंदाज असेल तर हात लावायचा नाही: 'यू मस्ट बी टायर्ड' याचं ही सेड दॅट आय मस्ट बी टायर्ड. तिथे 'हॅड टू बी टायर्ड' केलं तर दमण्याची सक्ती झाली! ओळखायची युक्ती: मराठीत 'असणार' किंवा 'असशील' बसलं तर अंदाज, 'पाहिजे' किंवा 'लागेल' बसलं तर बंधन. कायमचा नियम असेल तर 'मस्ट' तसंच ठेवलं तरी चालतं. कुड, वुड, शुड, माइट, ऑट टू हे हलत नाहीत. कॅन-चं कुड, मे-चं माइट, आणि 'शॅल आय ओपन द विंडो?' यातल्या 'शॅल'चं 'शुड', कारण तो परवानगी विचारतोय.

उलटतपासणी

प्रश्नार्थक वाक्यांवर कोणी बोललं नाही, आणि गुण तर तिथे जातात. पुन्हा तोच 'की'. 'त्याने मला विचारलं की तू कुठे राहतोस' यातला 'की' मूल 'दॅट' म्हणून आणतं, आणि प्रश्न तसाच चिकटवतं: ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह. एका वाक्यात चार चुका. 'दॅट' काढायचं, 'डू' काढायचं, 'यू'चं 'आय' करायचं, 'लिव्ह' मागे ढकलायचं. ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.

'डू', 'डज', 'डिड' नुसते काढून भागत नाही, त्यांच्याकडचा काळ क्रियापदाकडे द्यावा लागतो. 'डू यू स्मोक?' याचं इफ आय स्मोक्ड. 'डिड यू स्मोक?' याचं इफ आय हॅड स्मोक्ड. इथे मुलं दोन्हीकडे 'स्मोक्ड' लिहितात.

शब्दांचा क्रम साध्या विधानाचा: व्हेअर ही वॉज, 'व्हेअर वॉज ही' नाही. एक अपवाद बघायला मिळेल: 'व्हॉट इज द मॅटर?' याचं 'आस्क्ड व्हॉट द मॅटर वॉज' आणि 'आस्क्ड व्हॉट वॉज द मॅटर' दोन्ही छापलेलं दिसतं, दोन्ही ठीक आहे.

'से' आणि 'टेल'ची गल्लत वेगळी. 'टोल्ड'ला लगेच माणूस लागतो, 'सेड'ला नाही. 'ही टोल्ड दॅट' आणि 'ही सेड मी' दोन्ही बाद. 'सजेस्टेड मी टू गो' हेही बाद. 'सजेस्टेड गोइंग' किंवा 'सजेस्टेड दॅट आय शुड गो'.

मुद्रितशोधक

वरच्या वर्गातल्या मुलांना सराव हवा असेल तर गाइडची सुटी वाक्यं सोडा आणि सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहायला द्या. आपल्याकडे कित्येक गृहनिर्माण संस्था ते इंग्रजीत लिहितात, आणि तो सगळा मजकूर इनडायरेक्टच असतो. सचिवांचं बोलणं असं द्या: 'वी क्लीन्ड द टँक लास्ट संडे. द लिफ्ट कॉन्ट्रॅक्ट हॅज एक्स्पायर्ड. वी विल कॉल फॉर क्वोटेशन्स बाय ३१ मार्च. मेंबर्स मस्ट पे देअर ड्यूज बिफोर दॅट.'

उतरवल्यावर: द सेक्रेटरी इन्फॉर्म्ड द मेंबर्स दॅट द टँक हॅड बीन क्लीन्ड ऑन ८ मार्च, दॅट द लिफ्ट कॉन्ट्रॅक्ट हॅड एक्स्पायर्ड, दॅट क्वोटेशन्स वुड बी कॉल्ड फॉर बाय ३१ मार्च, अँड दॅट मेंबर्स वुड हॅव टू पे देअर ड्यूज बिफोर दॅट डेट. 'लास्ट संडे'चं 'द प्रीव्हियस संडे' न करता तारीख घातली, कारण इतिवृत्त दोन वर्षांनी ऑडिटर वाचणार. 'दॅट' प्रत्येक कलमाआधी पुन्हा आलं. ते गाळलं तर शेवटचं कलम सचिव बोलले की लिहिणाऱ्याने स्वतःचं घातलं ते कळत नाही, आणि थकबाकीदार नेमका तिथेच बोट ठेवतो.

ठराव मात्र या सगळ्यातून सुटतो: रिझॉल्व्हड दॅट द लिफ्ट कॉन्ट्रॅक्ट बी रिन्यूड. तिथे 'इज' नाही, 'वॉज' नाही, 'वुड बी' नाही, मूळ रूप 'बी'. मागणी, सूचना, ठराव यांच्यानंतर हेच रूप येतं आणि बाहेरचं क्रियापद कुठल्याही काळात असलं तरी ते हलत नाही: द चेअरमन प्रपोज्ड दॅट द गेट बी क्लोज्ड ॲट इलेव्हन. तक्ता पाठ असलेला माणूस याचं 'वॉज क्लोज्ड' करतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं की गेट तेव्हाच बंद होऊ लागलं होतं.